त्यांना सवय असते

मे महिन्यात चंद्रपूरला घरी आलो होतो. पारा 46 च्या वर. मी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेलो आणि समोरच्या बांधकामावर भर दुपारी दोनला माणसं घमेली वाहत होती. आई म्हणाली, "कसं करत असतील रे?" मी म्हणालो, "त्यांना सवय असते."

पण सवय म्हणजे नेमकं काय?

अगदी साधा जीव घेऊ, बॅक्टेरिया. त्याच्या पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. हिवाळ्यात खोबरेल थिजतं, जवसाचं तेल थिजत नाही; कारण जवसात असंपृक्त मेदाम्लं जास्त. ई. कोलाय थंडीत वाढला की आवरणात असंपृक्त मेदाम्लं वाढवतो, उष्णतेत वाढला की संपृक्त. त्यामुळे आवरणाचा प्रवाहीपणा टिकतो, हे सिनेन्स्कीने 1974 साली दाखवलं. आधी कोणत्या तापमानात वाढला, यावर पुढे गोठवल्यावर तो किती तगेल हेही बऱ्याच अंशी ठरतं.

म्हणजे माझं वाक्य बरोबर? तसं नाही. बॅक्टेरिया 'तगले' हे ठरवताना गोठवण्याआधीच्या आणि नंतरच्या जिवंत पेशी मोजतात. समजा, शंभरातले साठ उरले, तर वाण काटक म्हणायचा. मेलेले चाळीस त्या कौतुकात नसतात. मीही खिडकीतून कामावर आलेलेच पाहत होतो. उन्हाने आजारी पडून घरी बसलेले मला दिसणार नव्हते.

शिवाय माणसाचं शरीर उन्हाला थोडंफार सरावतं, पण त्याला मर्यादा आहे. 1982 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीत याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. लोक पहाटेच जंगलात जातात आणि ऊन चढण्याआधी पानं घेऊन परततात. उन्हाची खरी सवय असलेली माणसं ऊन टाळतात. ती मुभा समोरच्या मजुरांना नव्हती. 'सवय असते' हे त्यांचं वर्णन नव्हतंच. मी स्वतःलाच दिलेली सूट होती ती.

संध्याकाळी ठेकेदाराला विचारलं, "काम पहाटे पाचला का नाही सुरू करत?"

"मिक्सरचा आवाज होते ना भाऊ. शेजारचे झोपून राहतात."

शेजारचे म्हणजे आम्हीच.