पाना कुणाच्या हातात?

1986 साली कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा आर्केडमधला गेम निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आणत होते. गेम इतका अवघड की खुद्द त्यांनाच तो शेवटपर्यंत खेळता येईना. आणि शेवटपर्यंत पोहोचल्याशिवाय तपासणार काय? म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक चोरवाट केली. ठरावीक क्रमाने बटणे दाबली की यानाला जवळजवळ सगळी शस्त्रे मिळत. गेम बाजारात गेला तरी ती वाट आतच राहिली. ‘कोनामी कोड’ म्हणून जगभरच्या मुलांनी पाठ केली ती हीच. मुलांना ती लबाडी वाटली, पण मुळात ते तपासनिसाचे हत्यार होते.

अशी हत्यारे प्रत्येक गेमच्या कारखान्यात असतात. भिंतीतून आरपार जाता येते, अडलेले कथानक पुढच्या टप्प्यावर ढकलता येते, कुठल्या कामात यंत्राचा किती वेळ जातो ते पडद्यावर दिसते. त्यांच्याशिवाय गेम तयारच होत नाही. विक्रीच्या आधी मात्र बहुतेक कंपन्या ती काढून टाकतात किंवा कुलूपबंद करतात. ती खेळणाऱ्याला द्यावीत का, यावरचा वाद नेहमी फसवणुकीच्या मुद्द्यावर अडतो. माझ्या मते हा प्रश्न आधी दुरुस्तीचा आहे.

‘स्कायरिम’ घ्या. 2011 साली आलेला बेथेस्डाचा हा गेम जितका विशाल, तितकाच बगांनी भरलेला. विंडहेल्म शहरातल्या खुनांचा तपास लावण्याची त्यातली एक मोहीम अर्ध्यात अडकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण संगणकावर खेळणाऱ्याला एस्केपच्या खालची कळ दाबली की ‘कन्सोल’ नावाची, आज्ञा लिहायची काळी पट्टी उघडते. त्यात ‘सेटस्टेज’ची आज्ञा लिहायची, मोहिमेचा पुढचा टप्पा द्यायचा, की बहुतेक वेळा गाडे पुढे सरकते. ‘टीसीएल’ लिहिले की खडकात अडकलेला नायक खडकातून चालत बाहेर येतो. हाच गेम प्लेस्टेशनवर घेतलेल्याला ही सोय नव्हती. जुनी सेव्ह उघडायची आणि तास-दोन तासांचा खेळ पुन्हा खेळायचा, किंवा कंपनीच्या पॅचची वाट पाहायची. दोघांनीही पूर्ण पैसे मोजून तोच गेम विकत घेतला होता. फरक इतकाच की एकाच्या हातात पाना होता आणि दुसऱ्याच्या नव्हता.

कंपनी दुरुस्त करीलच, हा विश्वास किती ठेवावा? ‘जीटीए ऑनलाइन’ची हकिकत या बाबतीत बोलकी आहे. 2013 साली सुरू झालेल्या या गेममध्ये शिरायला कित्येकांच्या संगणकावर पाच-सहा मिनिटे लागत, आणि ही रड वर्षानुवर्षे चालू होती. 2021 मध्ये एका प्रोग्रॅमरने, मूळ कोड हाती नसताना, प्रोफायलर आणि डिसअसेंब्लर ही प्रोग्रॅम आतून तपासण्याची साधने घेऊन याचा छडा लावला. गेममधल्या दुकानातल्या सुमारे 63 हजार वस्तूंची यादी सुरुवातीला एका दहा एमबीच्या फाइलमधून वाचली जाई. प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा नव्याने मोजली जाई. भरीला, नवी वस्तू आधी नोंदलेली नाही ना, हे पाहायला आतापर्यंतची सगळी यादी पहिल्यापासून चाळली जाई. या दोन खोड्या त्याने आपल्या संगणकापुरत्या काढल्या आणि सहा मिनिटांची दोनच्या आत आली. त्याने हे जाहीरपणे लिहिल्यावर काही आठवड्यांतच गेमची कंपनी रॉकस्टारने अधिकृत दुरुस्ती आणली आणि त्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस दिले. कंपनीचे हे वागणे उमदेच म्हणायला हवे. पण वेळ कुठे जातो हे दाखवणारी साधी पट्टी गेममध्येच असती, तर त्यासाठी कोणी डिसअसेंब्लर हाताळणारा निपजण्याची वाट पाहावी लागली नसती.

विरोधकांची बाजू पोकळ नाही. अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये हीच हत्यारे विष ठरतात. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे दृश्य तपासनिसाला हवेच असते, आणि चीटरलाही नेमके तेच हवे असते. 1999 च्या अखेरीस आयडी सॉफ्टवेअरने ‘क्वेक’चा मूळ कोड खुला केला तेव्हा लगेच बदललेले प्रोग्रॅम घेऊन लोक ऑनलाइन सामन्यांत उतरले. पण याची तोड जुनीच आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ‘एसव्ही चीट्स’ नावाचा एक खटका आहे. असल्या आज्ञा सर्व्हर चालवणाऱ्याने तो चालू केला तरच चालतात. सरावाच्या सर्व्हरवर चालू, सामन्यात बंद. म्हणजे रेघ कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये नव्हे, तर माझा एकट्याचा खेळ आणि आपला सामायिक खेळ यांच्यामध्ये मारायची असते.

कंपन्यांची दुसरी तक्रार अशी की लोक आज्ञा देऊन गेम बिघडवतील आणि मग आमच्या नावाने खडे फोडतील. यावर सेव्हवर खूण करणे आणि अचिव्हमेंट बंद करणे एवढे पुरते. ‘स्कायरिम’च्या 2016 च्या आवृत्तीत मॉड लावले की अचिव्हमेंट मिळत नाहीत, त्यावरून कोणी रस्त्यावर उतरल्याचे ऐकिवात नाही. खेळाची जादू ओसरते, हा आक्षेप मला जास्त पटतो. राक्षसाच्या डोक्यावर त्याच्या प्राणांचा आकडा तरंगताना एकदा पाहिला की तो पूर्वीसारखा राक्षस राहत नाही. पण हे नुकसान स्वतःच्या हाताने करून घ्यायचे की नाही, हे खेळणाऱ्यानेच ठरवावे. ‘रिमवर्ल्ड’च्या सेटिंग्जमध्ये डेव्हलपमेंट मोडची साधी चौकट आहे. ज्याला हवे तो तिच्यावर टिचकी मारतो.

एक कारण मात्र कंपन्या उघड बोलत नाहीत. पूर्वी जे चीट कोडने फुकट मिळे, ते आता दुकानात मिळते. युबिसॉफ्टच्या 2018 च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ या एकट्याने खेळायच्या गेममध्ये अनुभवाचे गुण पन्नास टक्के जास्त मिळवून देणारा बूस्टर खऱ्या पैशांना विकला गेला. ज्याच्या हाती कन्सोल आहे तो असला बूस्टर कशाला घेईल? हत्यारे कुलपात राहण्यात या हिशेबाचा वाटा नसेल, असे मानायला मी तयार नाही.

आणि अर्ली अ‍ॅक्सेसचे काय? स्टीमवर 2013 पासून अपुरे गेम रीतसर विकले जातात. गिऱ्हाईक पैसे देऊन तपासनिसाचे काम करतो, बगांचे अहवाल लिहितो, तेही डोळ्यांवर पट्टी बांधून. हा व्यवहार मला सरळ अन्यायाचा वाटतो. काम करून घ्यायचे तर हत्यारेही द्या.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग ठेवले गेले. गेमचा त्यांत विचार नव्हता. कायद्याची वाट न पाहताही हे करता येईल. ‘राजी’सारखा गेम पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओतून 2020 मध्ये जगभर गेला, तसे गेम आज घडवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: तुमच्या टेस्टिंगच्या खोलीतला कन्सोल विक्रीच्या आवृत्तीतून काढू नका. सेटिंग्जच्या शेवटच्या पानावर, एका इशाऱ्याखाली, तो राहू द्या.