परळमधले दोन हृदयदाह

मुंबईत परळला केईएम आणि टाटा मेमोरियल या दोन रुग्णालयांमध्ये जेमतेम एका रस्त्याचे अंतर आहे. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, ही काढे-चूर्णांच्या जाहिरातींनी मुरवलेली समजूत तपासायला एवढा टापू पुरतो. केईएम 1926चे, गिरणगावाच्या ऐन मध्यावर. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेले रुग्ण तिथे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. चाळीतल्या दाटीच्या खोल्यांत घशाचा स्ट्रेप्टोकॉकस सहज पसरतो. त्याच्या आवरणावरच्या ‘एम’ प्रथिनाची ठेवण हृदयस्नायूतल्या मायोसिनशी मिळतीजुळती असते. त्यामुळे जंतूसाठी घडलेली प्रतिपिंडे आणि टी पेशी दोन-तीन आठवड्यांनी हृदयावरच धावून जातात. घसा तोवर बराही झालेला असतो. स्नायूचा दाह बहुधा ओसरतो, झडपा मात्र कायमच्या खराब होतात. या रुग्णांची प्रतिकारशक्ती दुबळी नव्हती, तिची ओळख चुकली. टाटात गोष्ट निराळी. कर्करोग टी पेशींचा ब्रेक दाबून ठेवतो, निव्होलुमॅबसारखी औषधे तो सोडवतात. डोके-मानेच्या कर्करोगात अवघ्या 20 मिलिग्रॅमची मात्राही उपयोगी पडते, हे टाटाच्याच डॉक्टरांनी दाखवले. आपल्याकडच्या खिशाला ही लहान गोष्ट नव्हे. पण तोच ब्रेक हृदयालाही जपत असतो. तो सुटल्यावर शंभरात एखाद्याच्या, किंवा त्याहूनही कमी जणांच्या, हृदयस्नायूत टी पेशी घुसतात. त्यातले बरेच दगावतात.

मग सरसकट स्टेरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दाबावी, असे कोणी म्हणेल. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नेहमीच्या हृदयस्नायूदाहाला या उपायाचा फायदा दिसला नाही. अशा दाहाची सुरुवात अनेकदा विषाणूपासून होते आणि त्याला आवरायला तीच शक्ती लागते. उलट हृदयस्नायूत महाकाय पेशी दिसणाऱ्या (‘जायंट सेल’) दाहात ती दाबली नाही तर काही आठवड्यांत हृदय निकामी होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रकार ओळखायला हृदयाचा तुकडा काढून तपासावा लागतो, ते सगळीकडे कुठे शक्य आहे? खरे आहे. तरी रक्तातले ट्रोपोनिन, ईसीजी, एमआरआय आणि ‘कोणती औषधे चालू आहेत’ हा फुकटचा प्रश्न बरेच सांगून जातात. संधिवाताच्या तापाला तर तुकड्याची गरजच पडत नाही. तिथे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन जंतूला परत शिरू देत नाही. ज्या घरात मुलाला ते चालू आहे, तिथे सांधे दुखायचे थांबले म्हणून ते परस्पर बंद करू नका.