हाड अडवणारी चरबी, हाड घडवणारी चरबी

फिनलंडचे अस्थिशल्यविशारद आंदर्स लांगेनशॉल्ड यांनी १९७५ मध्ये मुलांसाठी एक शस्त्रक्रिया मांडली. हाडाच्या वाढपट्टीला इजा झाली की कधी कधी तिच्या आरपार हाडाचा पूल तयार होतो आणि हात किंवा पाय वाकडा वाढू लागतो. लांगेनशॉल्ड तो पूल कोरून काढत आणि त्या खड्ड्यात मुलाचीच चरबी भरत. चरबी मध्ये असली की तिथे पुन्हा हाड धरत नाही. म्हणजे मोडलेलं हाड भरून यावं म्हणून आज जिच्याकडे आशेने पाहिलं जातं, ती तेव्हा हाडाला अडवायला वापरली जात होती.

दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? याचं उत्तर हाडाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगात आधीच दडलेलं होतं. १९६४ मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मार्टिन रॉडबेल यांना उंदराच्या चरबीपेशी सुट्या हव्या होत्या. त्यांनी चरबीचे तुकडे कोलॅजनेज या विकरात मुरवले आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. तेलाने भरलेल्या पेशी दुधावर साय यावी तशा वर आल्या, बाकीच्या तळाशी बसल्या. रॉडबेल यांचं काम वरच्या थराशी होतं.

हाड घडवणाऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत असतात, हे सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी दाखवून दिलं होतं. पण मज्जेसाठी कमरेच्या हाडात जाड सुई घालावी लागते, आणि तिथे लाखभर पेशींत कामाच्या फार तर दहा. लायपोसक्शनमध्ये काढलेली चरबी मात्र फेकली जात होती. २००१ मध्ये संशोधक पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी तीच रॉडबेल यांच्यासारखी विकरात मुरवून, फिरवून तपासली. तळाच्या गाळातल्या पेशींना योग्य रसायनं मिळाली, की त्यांच्याभोवती कॅल्शियम साचू लागे. अख्खी चरबी हाड अडवते, तिच्यातल्या मोजक्या पेशी हाड घडवू शकतात.

२००४ मध्ये जर्मनीतल्या गीसेनहून एक नोंद आली. डोक्याला मार लागल्यानंतर सात वर्षांच्या मुलीच्या कवटीत मोठी पोकळी राहिली होती. कमरेच्या हाडाचा चुरा पुरेना, म्हणून तिच्याच चरबीतल्या पेशी सोडल्या. तीन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये नवं हाड दिसलं. त्यात चुऱ्याचं श्रेय किती आणि पेशींचं किती, हे एका मुलीवरून ठरत नाही.

म्हणून मला २०१६ चा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. ६२ ते ८४ वयाच्या आठ रुग्णांच्या खांद्याजवळच्या फ्रॅक्चरमध्ये त्यांच्याच चरबीतल्या पेशी ठेवल्या. पुढे त्या जागेतून काढून तपासलेल्या तुकड्यांत जुन्या हाडाशी न जोडलेली, स्वतंत्र हाडाची बेटं सापडली. म्हातारपणी, हाडं ठिसूळ झालेली असताना हे घडावं, ही साधी गोष्ट नाही. तरी आठ जणांवरून हाड लवकर जुळतं असं म्हणता येणार नाही.

भारतात अशा पेशींच्या वापराबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार हा वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. तेव्हा कुणी ‘तुमच्याच चरबीतून हाड जोडून देतो’ म्हणत पॅकेजचा दर सांगू लागला, तर आधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. तो मिळेपर्यंत पैसे देऊ नका आणि सहीही करू नका.