वाटा

नव्या भाताची पहिली लोंबी देवापुढे ठेवून मगच घास घेणाऱ्या माणसाला वाटा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. पिकात देवाचा, राबणाऱ्याचा, पाखराचाही अंश आहे हे त्याने आधीच मनोमन मानलेले असते. उरण तालुक्यातल्या जासईत १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले दिनकर बाळू पाटील, म्हणजे आपले दि. बा., मला याच श्रद्धेचे थोर विवरणकार वाटतात. वकिली, पाच वेळची आमदारकी, दोनदा मिळालेली खासदारकी, विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद, ही सारी त्या विवरणाची साधने.

त्यांच्या जिल्ह्यात वाट्यासाठी झिजण्याची परंपरा जुनीच. १९३३ मध्ये चरी गावच्या कुळांनी खोतांची शेते कसायचे थांबवले आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप सहा वर्षे टिकवला, तो कसणाऱ्याच्या वाट्यासाठीच.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या भातखाचरांवर नि मिठागरांवर नवे शहर आखले गेले, तेव्हा वाटा मागे पडून मोबदला पुढे आला. आणि इथे आपण जरा थांबावे. मोबदला मोजून दिला की जमिनीशी असलेले नाते तिथेच तुटते, वाटेकऱ्याचे नाते मात्र त्या जमिनीवर उद्या जे उभे राहील त्याच्याशीही टिकते, मग ते भात असो की इमारत. भूमिपुत्राने त्या शहरात वाटेकरी म्हणून नांदावे हा दि. बां.चा आग्रह होता, आणि त्याच आग्रहापायी १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले.

त्या बलिदानातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. सार्वजनिक सुविधांसाठी त्यातले ३.७५ वजा होऊन हाती ८.७५ येतात, आकडा लहान दिसतो, पण जमीन गेल्यावरही तिच्यावरचा वाटा उरतो हे राज्यसत्तेने त्यात लेखी मान्य केले, आणि माझ्या मते दि. बां.च्या साऱ्या कारकिर्दीचे सार तेवढ्या मान्यतेत आहे. २४ जून २०१३ रोजी ते गेले. पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी गावे उठली तेव्हा तो वाटा साडेबावीस टक्क्यांवर पोहोचला, आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्या नावाचा आनंद मोठाच. तरी ज्या वारसांचे साडेबाराचे भूखंड अजून फायलींत अडकले आहेत, त्यांच्याकडे माझे लक्ष आधी जाते.