उपवास आणि उपोषण

एकादशीला आपण उपाशी का राहतो, असे कुणी विचारले तर वारकऱ्याला उत्तर शोधावे लागत नाही. पांडुरंगासाठी. पण अन्यायाविरुद्ध उभा राहून एखादा माणूस उपोषणाला बसतो, तेव्हा तो कशासाठी बसतो? रागापोटी, नावासाठी, की आणखी कशासाठी? हा प्रश्न आपल्या पंढरीनेच एकदा आपल्यापुढे ठेवला आहे.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलमंदिर दलित बांधवांना खुले व्हावे, एवढीच मागणी होती. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. माळकरी तिथे माथा टेकवून आत जात; चोखोबांच्या भाऊबंदांना मात्र तिथूनच मागे फिरावे लागे. संतांच्या समाधीला वंदन आणि त्यांच्या माणसांना मज्जाव, हे शेकडो वर्षे चालत आले होते.

गुरुजींना स्वतःला ते दार कधीच बंद नव्हते. कोकणातल्या पालगडच्या ब्राह्मण घरातला त्यांचा जन्म. मग हे दुःख त्यांना का झोंबले? 'श्यामची आई'मध्ये एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. तिला शिवायला कुणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. त्या माउलीच्या मनात दया होती आणि जनरीतीचे भयही होते. मुलाने पुढे त्यातली दया तेवढी घेतली.

पण दया एवढे एकच कारण पुरते का? त्याआधी २ मार्च १९३० पासून नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे हजारो माणसे उभी राहिली. त्यांना कुणाची दया नको होती. माणूस म्हणून जे आपले आहे ते मागायला ती आली होती. ज्याच्या तोंडावर दार लावले जाते, त्याच्या रागाला आपण अहंकार म्हणू नये. तो स्वाभिमान असतो. काही वर्षे झगडूनही ते दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. पंढरपूरचे उपोषण त्यानंतर बारा वर्षांनी झाले. आतल्यांना जाग यायला एवढा उशीर झाला.

म्हणून जो आत उभा आहे, त्याची प्रेरणा वेगळी असावी लागते. बाहेरच्यावर उपकार करण्याची नव्हे, तर आपल्याच घरचे पाप फेडण्याची. गुरुजींचे उपोषण मला असे प्रायश्चित्त वाटते.

उपाशी माणूस दारात बसला की घरातल्यांवर दडपण येतेच, हा आक्षेप खोटा नाही. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याचा निरोप धाडला होता. गुरुजींनी तो मानला नाही. परंतु त्याआधी ते महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले होते, गावोगावी लोकांच्या विनवण्या केल्या होत्या. आधी समजूत घातली, मग स्वतःचा देह पणाला लावला. दुसऱ्याच्या अंगाला हात लावला नाही. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

आज आपल्यापैकी कुणी पाण्यासाठी, जमिनीसाठी, शेतमालाच्या भावासाठी मोर्चात उतरतो. मनात राग असतो, थोडी नावाची हौसही असते. हेतू गंगाजळासारखा निर्मळ होईपर्यंत थांबायचे म्हटले, तर अन्याय जन्मभर आरामात बसून राहील. तेव्हा जावे, पण वाटेत मनाला दोन प्रश्न विचारावेत. उद्या दार उघडले आणि माझे नाव कुणी घेतले नाही, तरी मला आनंद होईल का? आणि ज्याने आज दार अडवले आहे, तोही उद्या माझ्या शेजारी टाळ घेऊन उभा राहिला, तर मी त्याच्या पाया पडू शकेन का?

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याची जात विचारत नाही. ती सवय मोर्चातही सुटली नाही, तर तिथे घडलेला उपवासही पांडुरंगाला पोचेल.

रामकृष्णहरी.