सूत्रधार सापडत का नाही

अमली पदार्थांचा मोठा साठा हाती लागला की पोलिसांच्या पत्रकात शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : मुख्य सूत्रधाराचा शोध सुरू आहे. तो बहुधा परदेशात असतो आणि बहुधा तिथेच राहतो. मुळात असा कुणी एक सूत्रधार असतो हे आपण धरून का चालतो, याचा विचार इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ लेटिझिया पाओली यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी केला आहे.

पाओली आज बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात शिकवतात. २००३ साली आलेला त्यांचा 'माफिया ब्रदरहुड्स' हा ग्रंथ सिसिलीतल्या कोझा नोस्त्रावर आणि कॅलाब्रियातल्या न्द्रांगेटावर आहे. १९८४ मध्ये कोझा नोस्त्राचा सदस्य तोमाझो बुशेत्ता न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे बोलू लागला, १९८६ मध्ये पालेर्मोत शेकडो आरोपींचा महाखटला उभा राहिला, आणि फुटलेल्या माफियांच्या जबान्यांचा ढीग साचत गेला. पाओलींनी तो वाचला तेव्हा त्यांना त्यात कंपनी दिसली नाही. दिसली ती बिरादरी : रक्ताचा थेंब आणि संताची जळती तसबीर हातात घेऊन दिलेली शपथ, मरेपर्यंत न सुटणारं सदस्यत्व, गावावर सत्ता गाजवण्याची हौस. धंदे होते, पण पुष्कळदा ज्याचे त्याचे. गंमत म्हणजे हेच बंधुत्व हेरॉइनच्या धंद्यात त्यांच्या पायात आलं. ज्या बाजारात तुर्कांपासून कोलंबियनांपर्यंत कुणाशीही सौदा जमवावा लागतो, तिथे फक्त सिसिलीच्या पुरुषांना आत घेणारी संघटना किती टिकणार? १९९० च्या दशकात कोझा नोस्त्रा मागे पडली, धंदा मात्र चालूच राहिला. पाओलींनी पुढे मिलान आणि फ्रँकफर्ट इथले अमली पदार्थांचे बाजार अभ्यासले. तिथेही त्यांना माफियाची मक्तेदारी आढळली नाही. आढळले ते जुळणारे आणि मोडणारे लहान लहान गट.

याचं कारण अर्थशास्त्रज्ञ पीटर रॉयटर यांनी १९८३ मध्येच सांगून ठेवलं होतं. न्यूयॉर्कमधली बेकायदा सट्टेबाजी, सावकारी आणि 'नंबर्स' (आपल्या मटक्याचा तिथला भाऊबंद) त्यांनी तपासले. बेकायदा धंद्याला करार मोडल्यावर कोर्टात जाता येत नाही, बँकेचं कर्ज मिळत नाही, जाहिरात करता येत नाही. प्रत्येक नवा नोकर म्हणजे एक संभाव्य खबऱ्या. मग शहाणा माणूस धंदा वाढवण्याऐवजी छोटा ठेवतो. रॉयटर यांनी आपल्या पुस्तकाचं नावच 'डिसऑर्गनाइज्ड क्राइम' ठेवलं.

मग मोठ्या टोळ्या आल्या कुठून? पाओली, रॉयटर आणि व्हिक्टोरिया ग्रीनफिल्ड यांनी २००९ मध्ये जगाच्या हेरॉइन बाजारावर पुस्तक लिहिलं, त्यातलं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. जिथे कायदा खरोखर राबवला जातो तिथे विक्रेता लपून राहतो आणि लहान राहतो. जिथे सरकार डोळेझाक करतं, किंवा स्वतःच वाटेकरी असतं, तिथे तोच धंदा उघड्यावर येऊन फुगतो. थोडक्यात, टोळीचा आकार टोळीपेक्षा सरकारबद्दल अधिक सांगतो. सरकारच्या भूमिकेने किती फरक पडतो ते अफगाणिस्तानात दिसलं. तालिबानने २००० मध्ये अफूबंदी केली तेव्हा अफगाणिस्तानचं उत्पादन सुमारे ३,३०० टनांवरून पुढच्या वर्षी १८५ टनांवर आलं. २००२ मध्ये तालिबान सत्तेवर नव्हती आणि उत्पादन पुन्हा ३,४०० टन झालं. २०२२ च्या दुसऱ्या बंदीनंतर ते ९५ टक्क्यांनी घटलं आणि म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेला.

भारताबद्दल या अभ्यासकांनी जे लिहिलं त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी पट्ट्यावर अफू पिकते. बोंडाला चिरा देऊन काढलेला चीक सरकार विकत घेतं आणि नीमच व गाझीपूरच्या कारखान्यांत नेतं. सरकारी भाव आणि चोरबाजारातला भाव यांत मोठी तफावत असल्यामुळे चीक वाटेत झिरपतो. २००९ च्याच एका शोधनिबंधात त्यांनी विचारलं : भारत हा बेकायदा अफूचा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा उत्पादक तर नाही? या गळतीला सूत्रधार लागत नाही. परवाना, वजनकाटा आणि त्याच्याशी उभा असलेला माणूस एवढ्यावर भागतं.

या मांडणीची कसोटी आता पाओलींच्या विद्यापीठापासून तासाभरावर लागते आहे. अँटवर्प बंदरात २०२३ मध्ये ११६ टन कोकेन पकडलं गेलं. शहरात हातबॉम्ब फुटले, गोळीबार झाले. हे छोट्या गटांचं काम कसं म्हणायचं? आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. तरी एक दुवा ध्यानात घ्यावा. २०२१ मध्ये पोलिसांनी 'स्काय ईसीसी' या सांकेतिक फोनसेवेत शिरकाव केला, तेव्हा कोट्यवधी निरोप उघड झाले. विश्वासाच्या माणसाबाहेर बोलायचं नाही, ही रॉयटर यांनी दाखवलेली मर्यादा त्या फोनने सैल केली होती. त्याच्या जोडीला कंटेनर सोडवून घेण्याचा पिनकोड विकणारा बंदरातला नोकर होता. म्हणजे धंदा मोठा झाला तो जिथे यंत्रणेत फट होती तिथेच.

आता आपल्याकडे पाहू. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने 'मोक्का'त दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत घेतले. १९९९ च्या या कायद्यात दोन माणसांचीही टोळी होते, आणि गुन्ह्यांचं 'सातत्य' ठरतं दहा वर्षांतल्या एकाहून अधिक आरोपपत्रांवरून. मोठ्या, 'व्यापारी' प्रमाणातल्या साठ्याला अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) जामीन आधीच दुर्मिळ आहे. तिथे मोक्काने मुख्यतः दोन गोष्टी वाढतात : फोन ऐकण्याची मुभा आणि पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून धरणं. एनडीपीएसखाली अधिकाऱ्यापुढे दिलेला असा जबाब सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अग्राह्य ठरवला होता. जामिनाचा नवा फास खरा आवळतो तो मधल्या प्रमाणाच्या गुन्ह्यांत, म्हणजे एमडीच्या (मेफेड्रोनच्या) पुड्या विकताना दोनदा-तीनदा पकडल्या गेलेल्या पोरावर. बंद पडलेल्या रसायन कारखान्यात एमडी बनवणारा, ज्याच्या नावावर अजून एकही आरोपपत्र नाही, त्याच्यापर्यंत पोचायला आधी या पोराने तोंड उघडावं लागेल.

सभागृहात पुढच्या वर्षी मोक्काखाली अटक झालेल्यांचा आकडा सांगितला जाईल. रॉयटर आणि पाओली यांचं वाचलेला आमदार दोन उपप्रश्न विचारेल : या वर्षभरात पुडीचा भाव वाढला (म्हणजे पुरवठा आटला) की उतरला, आणि बंद पडलेल्या कारखान्यांना चालू वीजजोडणी कुणाच्या सहीने मिळाली?