‘फॉर्म’: साचा, सत्त्व आणि घाट

इंग्रजीतील ‘फॉर्म’ हा शब्द तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘फोर्मा’. लॅटिनमध्ये त्याचे मुख्य अर्थ आकार, साचा आणि सौंदर्य. साच्यात घालून घट्ट केलेल्या चीजला फ्रेंचमध्ये ‘फ्रोमाज’ आणि इटालियनमध्ये ‘फोर्माज्जो’ म्हणतात, ते साच्याच्या अर्थावरून. ‘फोर्मोसुस’ म्हणजे सुंदर. त्याच शब्दावरून पोर्तुगीजांनी तैवान बेटाला ‘फोर्मोझा’ म्हटले.

या व्यवहारातल्या शब्दाला तत्त्वज्ञानाचे वजन ग्रीकांमुळे आले. प्लेटोच्या मते दिसणाऱ्या वस्तू नश्वर, त्यांचे मूळ रूप मात्र शाश्वत. सिसेरोने या मूळ रूपांसाठी ‘फोर्मा’ हा शब्द योजला. ॲरिस्टॉटलने रूप वस्तूतच पाहिले. कुऱ्हाडीचे लोखंड हे द्रव्य. पण नुसते लोखंड म्हणजे कुऱ्हाड नव्हे. पाते असे घडावे लागते की लाकूड तुटेल. तोडण्याची ही क्षमता, कुऱ्हाडीचे कुऱ्हाडपण, हेच तिचे रूप. म्हणूनच ॲरिस्टॉटलने आत्म्याला सजीव देहाचे रूप म्हटले. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांनी हीच मांडणी पुढे नेली. रूप म्हणजे सत्त्व, असा अर्थ त्यातून रुजला.

नव्या विज्ञानाबरोबर हा अर्थ बदलू लागला. फ्रान्सिस बेकनने 1620 मध्ये ‘फॉर्म’ हा शब्द ठेवला, पण त्याचा अर्थ निसर्गातील नियमाकडे झुकवला. उष्णतेचा ‘फॉर्म’ शोधणे म्हणजे उष्णता कोणत्या नियमाने घडते ते शोधणे. कांटने 1781 मध्ये रूप वस्तूतून काढून जाणिवेत ठेवले. अवकाश आणि काल हे आपल्या संवेदनेचेच आकार आहेत, त्यांतूनच जग आपल्याला जाणवते, असे त्याने मांडले.

कलाविचारात तर अर्थाची दिशाच उलटली. आशय आतला आणि फॉर्म बाहेरचा, असे द्वंद्व रूढ झाले. एके काळी सत्त्व म्हणवणारा शब्द आता वेष्टनाचा ठरला. या घसरणीला 1914 मध्ये इंग्रज कलासमीक्षक क्लाइव्ह बेल यांनी विरोध केला. रेषा व रंगांची अर्थपूर्ण रचना हाच कलेचा प्राण, असे त्यांनी सांगितले. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. ‘फॉर्म’साठी मराठी समीक्षेत ‘रूप’, ‘आकृतिबंध’ आणि ‘घाट’ हे शब्द चालतात. त्यांपैकी ‘घाट’ सर्वांत नेमका आहे. भांड्याचा घाट भांड्यापासून सोलून वेगळा काढता येत नाही आणि आशयाचेही तसेच आहे.

साच्याचा जुना अर्थ व्यवहारात मात्र टिकून आहे. कचेरीतल्या फॉर्मवर रकाने आधीच आखलेले असतात, माणसाने त्यांत आपली माहिती बसवायची असते. छापखान्यातला ‘फर्मा’ही याच कुळातला. शिशाचे खिळे जुळवून केलेली पाने लोखंडी चौकटीत आवळली जात, मग शाई लागे. ते खिळे गेले, तरी सोळा पानांचा एक फर्मा हा पुस्तकाचा हिशेब मराठी प्रकाशन व्यवसायात अजून चालतो.